चार माणसांचा टेंट

डोंगराच्या विषयावर लोहाऱ्यात कुणी माझ्याशी वाद घालू नये! मी भूगोलाचा मास्तर आहे. हिमालयाची कुठली रांग कुठून निघते आणि कुठं संपते, हे मला झोपेतून उठवून विचारा. पीर पंजाल, धौलाधार, शिवालिक, ही नावं मला चुलत्यांच्या नावांपेक्षा लवकर आठवतात. आता काही खोडसाळ लोक विचारतात, की सर, तुम्ही स्वतः कुठला डोंगर चढलात? अशा लोकांकडं मी लक्ष देत नाही. शिकवायच्या आधी प्रत्येक गोष्ट करून बघायची म्हटलं, तर ज्वालामुखीच्या धड्याला एक मास्तर शिल्लक राहिला नसता!

तर झालं असं, की संक्रांतीला पुण्याहून माझ्या मेहुण्याचा, रणधीरचा फोन आला. तिळगूळ घ्या, गोड बोला झाल्यावर तो म्हणाला, "दाजी, मे महिन्यात आम्ही पोरांना घेऊन हिमालयात ट्रेकला चाललोय. लहान मुलांचाच ट्रेक असतो. अर्पिताला पाठवा की! फक्त प्रत्येक मुलामागं घरचं एक मोठं माणूस लागतं. तुम्हीच या सोबत."

फोन स्पीकरवर होता, तिथंच घोटाळा झाला. आमची अर्पिता चौथीत आहे. तिनं पलंगावर अशी उडी मारली, की पलंगाचा पाय वाकला. पाच वर्षांचा शिवा, म्हणजे शिवपुत्र, त्याला काही कळलं नव्हतं, पण ताई उडी मारतेय म्हणून त्यानंही मारली. मग दुसरा पाय वाकला.

"थांबा!" आतून आवाज आला.

ही माझी बायको, वैष्णवी. एसटीत कंडक्टर आहे. दिवसभर भरलेल्या गाडीत सुट्ट्या पैशांवरून भांडणारी माणसं, झोपलेले पुढारी आणि पिशवीतल्या कोंबड्या सांभाळून घरी येते. तिच्यापुढं नुसत्या हौसेवर काही चालत नाही.

"हिमालय म्हंजे काय शाळेची सहल हाय व्हय? ही पोरगी बाजारातून घरी येईस्तवर दोनदा 'मम्मी, उचल' म्हणती. आणि तुमी वो? तुमी तर समोरच्या टपरीवर बी गाडी काढून जाताव!"

"अगं, पण डोंगराचं मला..."

"डोंगराचं तुमाला नकाशावर माहीत हाय. आधी हितल्या डोंगरावर तीन दिवस चालून दाखवा. दोन रात्री वरच मुक्काम. आपापली पिशवी आपापल्या पाठीवर. बापलेक दोघं बी पास झालात, तर हिमालय. दोघांपैकी कुणी एकदा जरी 'उचल' म्हणालं, की कॅन्सल!"

"मला कोण उचलणारंय?" मी हसून म्हणालो.

"अट म्हंजे अट," ती म्हणाली. तिच्या तोंडून एकदा हा शब्द निघाला, की आमदार जरी गाडीत असला तरी तिकीट काढतो.

दुसऱ्या दिवसापासून अर्पिता पेटलीच! रिक्षा बंद, शाळेत पायी. घरी आल्यावर दप्तर पाठीवर तसंच ठेवून जिना वर-खाली. एकदा अंगणात पायात काटा गेला, शिवा म्हणाला ताईला उचला, तर ही त्याच्यावरच खेकसली. लंगडत आत आली आणि काटा काढून घेताना मला विचारते कशी, "पप्पा, मी पास होईन. तुम्ही व्हाल ना?"

"अगं वेडे, भूगोलात मी कधी नापास झालोय का!"

नियोजनाला मी बसलो. तेरखेड्याच्या अलीकडं हमरस्ता सोडून आत गेलं, की बालाघाटाची एक रांग लागते. त्यातल्या उंच टेकाडाला सगळे पीराचा डोंगर म्हणतात. वर एक दर्गा, पाण्याचा हौद, चार लिंबाची झाडं. पवनचक्क्यावाल्यांनी वरपर्यंत कच्चा रस्ता केलेला आहे. पहिला मुक्काम तिथं, दुसऱ्या दिवशी धारेधारेनं पुढच्या डोंगरावर, तिसऱ्या दिवशी खाली. इतकं सुबक नियोजन, की मला ते वर्गात शिकवावंसं वाटलं.

आई ओसरीत ज्वारी निवडत बसली होती. माझ्या आईचं नाव कडूबाई. वय सत्तरीच्या पुढं, समोरचे दात गेलेले, बाकी सगळं शाबूत.

"कुठं जायलाव रं?"

"ट्रेकला, आई."

"टेकाया?"

दात नसल्यानं तिला तो शब्द तसाच म्हणता येत होता, असं मला वाटलं. "हां, ट्रेकला," मी म्हणालो.

"कुठं?"

"पीराच्या डोंगरावर."

आईचे हात सुपात थांबले. "दोनी लेकरं घेऊन?"

"दोन्ही लेकरं घेऊन. दोन रात्री मुक्काम. जेवणखाण वरच बनवायचं."

आईनं सूप बाजूला ठेवलं, पदर डोळ्यांना लावला आणि वर बघून हात जोडले. "उशिरा का व्हईना, पोराला बुद्धी झाली!"

मला भरून आलं. आपल्या आईला ट्रेकिंगचं एवढं महत्त्व कळतं, हे मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं!

आता इथं तुम्हाला एक गोष्ट सांगायला पाहिजे, जी मला तेव्हा कुणीच सांगितली नव्हती. शिवाच्या वेळी वैष्णवी दवाखान्यात अडली होती, तेव्हा आईनं पीराला कंदुरी बोलली होती. कंदुरी म्हणजे दर्ग्यापुढं बोकड कापायचा, वरच शिजवायचा आणि सगळ्या भावकीला, सोयऱ्यांना जेवू घालायचं. आमच्या भागात हिंदू काय, मुसलमान काय, सगळेच करतात. ती कंदुरी पाच वर्षं राहिली होती आणि आई रोज मनातल्या मनात कुढत होती. त्यामुळं मी 'ट्रेकला' म्हणालो तेव्हा तिनं ऐकलं ते माथा टेकायला! त्याच संध्याकाळी तिनं बेंबळीला तिच्या भावाला, बब्रुवानमामाला फोन लावला. दोन दिवसांनी कपड्याचं गाठोडं घेऊन ती मामाकडंच गेली. जाताना माझ्या तोंडावरून हात फिरवून गेली. मी म्हटलं, असेल, ट्रेकला चाललेल्या पोराची माया.

राहता राहिला टेंट. वैष्णवी म्हणाली, पुण्याहून रणधीरचा मागवा. मी म्हटलं, कशाला? आमच्या गल्लीच्या तोंडाला माझे दोस्त मुनवरभाई बसलेत, त्यांच्या दुकानावर पाटी काय आहे? 'मुनवर टेंट हाऊस'! टेंट टेंट हाऊसमध्ये मिळणार नाही तर काय पिठाच्या गिरणीत मिळणार? लगेच फोन लावला.

"मुनवरभाई, टेंट पाहिजे."

"हुकूम करा सर! कवा, कुठं?"

"पुढच्या शुक्रवारी, पीराच्या डोंगरावर. दोन रात्री."

"अरे वा! मग तर पुण्याचं काम. कसला देऊ?"

"चार माणसांचा."

"चार माणसं बास होतील का सर? डोंगर हाय. मी म्हणतो, सहा घ्या."

"छे छे, लेकरं लहान आहेत. चार भरपूर झाली."

"जशी मर्जी. मंडळी किती?"

"मंडळी कसली, घरचीच माणसं."

"घरचीच. समजलो. रंग?"

"भडक द्या. डोंगरात लांबून दिसला पाहिजे."

"फिकरच नको! असा भडक देतो, की तेरखेड्यातून दिसंल. सर, तुमी वर पोचायच्या आत टेंट पायथ्याला. बिनघोर राहा."

फोन ठेवून मी वैष्णवीकडं विजयानं बघितलं. "बघ! एका फोनमध्ये!" ती काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा सावध व्हायला पाहिजे, हे मी लग्नाच्या पहिल्या वर्षीच शिकलो होतो, पण त्या दिवशी विसरलो.

शुक्रवारी सकाळी आम्ही एसटीनं, मग वडापच्या जीपनं पायथ्याला उतरलो. थंडी होती, ऊन कोवळं होतं. अर्पिताच्या पाठीवर पिशवी, डोक्याला लाल टोपी. शिवाच्या पिशवीत नुसती बिस्किटं. माझ्या पाठीवर मात्र दोरी, होकायंत्र, शिट्टी, स्टो, चार चादरी, नकाशांची गुंडाळी. वैष्णवीनं पिशवीला हात लावून बघितला आणि म्हणाली, "हे सगळं तुमीच नेणार, ध्यानात हाय ना?"

"तुम्ही पायवाटेनं व्हा पुढं. मी टेंट घेऊन आलोच!" मी म्हणालो. पायवाट पुढं कच्च्या रस्त्याला मिळत होती. ती तिघं निघाली. अर्पितानं वळून मला अंगठा दाखवला.

आणि मागून हॉर्न वाजला.

पिकअप होता. त्यात लोखंडी पाईप, बांबू, गाद्यांची चळत, खुर्च्यांचे मनोरे, स्वयंपाकाच्या दोन भल्यामोठ्या डेगी, गुलाबी-पिवळ्या चमचमत्या पडद्यांची गाठोडी! आणि या सगळ्याच्या वर, सोनेरी वाघाच्या पायांचा, लाल मखमलीचा, लग्नात नवरानवरी बसतात तो सोफा! पुढून मुनवरभाई हसत उतरले, मागून चार धिप्पाड माणसं.

"मुनवरभाई, हे काय?"

"टेंट, सर!"

"अहो, मी चार माणसांचा सांगितला होता ना?"

"मग ही बघा की, चार माणसं!" त्यांनी चौघांना ओळीनं उभं केलं. "एक बी कमी न्हाय. मोजून घ्या."

"अहो, म्हणजे चार माणसं झोपतील असा!"

"ह्यात चार काय सर, चारशे झोपतील!"

परत पाठवावं, तर हा माणूस पहाटे उठून एवढ्या लांब आलेला. मी म्हटलं, निदान वर जाऊन जागा दाखवतो, एका कोपऱ्यात लहानसा आडोसा करून घेतो, मग पटकन खाली येतो आणि पायी वर चढतो. कुणाला कळणारंय? वैष्णवीलाही नाही! पुढं केबिनमध्ये जागा नव्हती. "मागं सोफ्यावर बसा सर," मुनवरभाई म्हणाले. "पाठीला आराम."

पायवाट रस्त्याला मिळते तिथं लांबवर तीन टोप्या दिसल्या. मी सोफ्यावर आडवा झालो आणि अंगावर गुलाबी पडदा ओढून घेतला. पिकअप त्यांच्या शेजारून गेला. शिवाचा आवाज आला, "मम्मी, लग्नाची गाडी!" मी श्वाससुद्धा घेतला नाही.

वर पोचलो तर दर्ग्याचे मुजावर वाटच बघत होते. पांढरी दाढी, हसरा चेहरा. "या या, मास्तर! बब्रुवानरावांचा कालच फोन आलता. चुली मांडून ठेवल्यात, पाणी भरून ठेवलंय."

"कसल्या चुली?"

"कंदुरीच्या की! दुसऱ्या कसल्या?"

मी खाली बघितलं. कच्च्या रस्त्यावर धूळ उडत होती. एक जीप. तिच्या मागं दुसरी. तिच्या मागं टेम्पो. मागं ट्रॅक्टर, त्याची ट्रॉली माणसांनी खच्चून भरलेली! आणि पहिल्या जीपच्या खिडकीतून बाहेर डोकं काढून बोकड आमच्या बालाघाटाची शोभा बघत होता. तेव्हा माझ्या डोक्यात सूप, ज्वारी, टेकणं, डोळ्यांना पदर, सगळं एकदम लख्ख झालं.

मग वरून मला जे दिसलं, त्याचा अर्थ काही लागेना. पहिली जीप वैष्णवीजवळ थांबली. कुणीतरी उतरलं आणि अर्पिताला उचलून आत टाकलं. ती लाल टोपी दुसऱ्या दारातून बाहेर पडली आणि रस्त्यानं पळत सुटली! वैष्णवी हात वर करून काहीतरी बोलली. एक मिनिट सगळं थांबलं. मग जीप रिकामी व्हायला लागली. टेम्पो रिकामा झाला. ट्रॉलीतून म्हाताऱ्या उतरल्या, बाप्ये उतरले, लेकरं उतरली, बोकडही उतरला. आणि सगळी वरात पायी चालायला लागली, मागं मोकळ्या गाड्या!

"सर, जरा बसून बघा, सोफा डुगडुगतोय का," मुनवरभाई म्हणाले. चार माणसांनी तोवर खांब उभे करून पडदे ताणलेसुद्धा होते. मी सुन्न होऊन बसलो. मुजावरांनी मानाचा म्हणून माझ्या गळ्यात हार घातला, डोक्याला टोपी घातली. मी काही म्हणायच्या आत चढावरून पहिलं माणूस वर आलं.

आई! अनवाणी, पदर खोचलेला, दम लागलेला नाही. तिच्या मागं अर्पिता, लालेलाल, घामानं निथळलेली, पिशवी अजून पाठीवर. तिच्या मागं वैष्णवी आणि तिच्या कडेवर शिवा. मग बब्रुवानमामा. मग सगळी सृष्टी!

"पप्पा," अर्पिता म्हणाली, "तुम्ही गाडीत आलात?"

"अगं, तसं नाही..."

"मामाआजोबांनी मला जबरदस्तीनं जीपमध्ये बसवलं! मी उचल म्हटलं नव्हतं! मी उडी मारली! मग मम्मीनं सांगितलं, की पायी जायचं बोललेलं आहे. मग सगळेच उतरले!"

"मग काय करू?" वैष्णवी दबक्या आवाजात मला म्हणाली. "पोरीचा हिमालय चालला होता जीपमधून! तोंडाला येईल ते बोलले."

पण बब्रुवानमामांनी तो मुद्दा पकडला होता. मामा सहा फूट उंच, आवाज सभेतला. "आरं, पायी यायचा नवस, आणि धनी सोफ्यावर? हार घालून?"

सगळी भावकी माझ्याकडं बघायला लागली. गुडघेदुखीच्या म्हाताऱ्या होत्या त्यात, सुनेच्या खांद्यावर हात टाकून चढलेल्या. त्यांची नजर मला सोसवेना.

"मामा, भौगोलिकदृष्ट्या पाहिलं तर..." मी सुरुवात केली.

"भूगोल ठिव शाळंत! नवस अर्धवट ठेवून चालत न्हाय. आत्ताच्या आत्ता खाली जायचं आणि पायी वर यायचं. तवर पंगत बसणार न्हाय!"

"आई, तू तरी सांग!"

"जा बाबा," आई म्हणाली. "लोकं उपाशी हायेत."

वैष्णवीनं शांतपणे माझी पिशवी उचलली आणि माझ्या पाठीवर अडकवली. "आपापली पिशवी आपापल्या पाठीवर," ती म्हणाली.

उतरताना काही वाटलं नाही. उतार हा माझा आवडता भूप्रकार आहे. चढायला लागलो तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. पहिल्या वळणाला मी शर्टाची वरची गुंडी सोडली. दुसऱ्या वळणाला होकायंत्र काढून बघितलं, उत्तर दिशा जागेवर होती, पण त्यानं पायांना काही फरक पडेना. तिसऱ्या वळणापासून फोन सुरू झाले. "कुठवर आलाव? भात झाला!" मामा. "रस्सा उकळायलाय!" पुन्हा मामा. "मास्तर, लेकरं रडायलीत भुकेनं!" मुजावर. पवनचक्कीचं पातं वर सुं सुं फिरत होतं. तिच्या सावलीत मी बसलो, आणि बसलो तो बसलोच. पायांनी सांगून टाकलं, की आता आमच्याकडून काही होणार नाही. त्यात फोन वाजला.

"सर," मुनवरभाई म्हणाले, "हितं मामा लई तापलेत. माझी चार माणसं रिकामीच हायेत. पाठवू का?"

"पाठवा!" मी ओरडलो. "पाठवा लवकर, आणि उचला मला!"

चौघं आले. खुर्चीला दोन बांबू बांधून आणले होते. मला पिशवीसकट त्यात बसवलं आणि उचललं. मी खरोखर सांगतो, रस्त्याला माझे पाय लागलेच नाहीत! वर मुनवरभाईंनी काय सांगितलं होतं कोण जाणे, पण मंडपाच्या दाराशी पोचताच मामांनी तेरखेड्याहून आणलेली फटाक्यांची माळ लावली. धाडधाड धाडधाड! बायका हसत होत्या, टाळ्या वाजल्या, "नवसाचा धनी आला" म्हणून पंगत बसली. मामांची भूक रागापेक्षा मोठी झाली होती, म्हणून सुटलो.

पंगतीत मी अर्पिताला शोधलं. ती नव्हती. मंडपाच्या मागं, खांबाकडं तोंड करून एकटीच बसली होती. ताट तसंच.

"काय झालं गं? मलिदा तरी खा."

"मुनवरचाचांचा फोन स्पीकरवर होता," ती न वळता म्हणाली. "तुम्ही 'उचला मला' म्हणालात. सगळ्यांनी ऐकलं. मम्मीनं बी."

मी तिच्या शेजारी खाली बसलो.

"दोघांपैकी कुणी जरी म्हणालं तरी कॅन्सल. मी एकदा बी म्हणाले नाही, पप्पा. एकदा बी नाही." आणि मग तिला रडू फुटलं.

खरं सांगतो, त्या वेळी मला माझीच इतकी लाज वाटली, की वाटलं, चौघांना सांगावं, मला परत खाली नेऊन ठेवा. एवढीशी पोर. पायाला फोड आलेला. जीपमधून उडी मारलेली. आणि बापानं तिचा हिमालय एका फोनवर घालवला! मी वैष्णवीकडं गेलो. ती म्हाताऱ्यांना रस्सा वाढत होती.

"अगं, माझी चूक आहे. तिचं कशाला..."

"निकाल तीन दिवसांनी," ती म्हणाली. "पोरीची परीक्षा अजून चालू हाय. सरका, मागं लोकं थांबलेत."

संध्याकाळी सगळी भावकी गाड्यांत बसून गेली. आई मात्र हलेना. "दोन रात्री म्हणलाव ना? मग मी बी ऱ्हाते. बोललंय तेवढं पुरं करून जाते." त्या चारशे माणसांच्या गुलाबी मंडपात आम्ही एका कोपऱ्यात झोपलो.

दुसऱ्या दिवशी धारेवरून चालायचं होतं. रश्श्यानं माझं पोट बिघडलं होतं, त्यामुळं मी मुनवरभाईंच्या पिकअपमधून, डेगी आणि शिवा यांच्यासोबत गेलो. अर्पिता चालली. माझ्याशी एक अक्षर न बोलता, ओठ दाबून, दिवसभर चालली. तिच्या पुढं आई! मिश्रीची डबी कमरेला, हातात वाळकी काठी, आणि वाटेत दिसेल त्या दगडाला नमस्कार. दोघींच्या गप्पा चालल्या होत्या. वैष्णवी मागून बघत होती. तिसऱ्या दिवशी या तिघी डोंगर उतरून आल्या, तेव्हा मी आणि शिवा पायथ्याला चहा पिऊन बसलो होतो.

एसटीच्या फाट्यावर अर्पिता वैष्णवीसमोर उभी राहिली. हात मागं, मान खाली. "मम्मी, निकाल?"



वैष्णवीनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा तिच्याकडं. "हे बघ. गाडीत एकानं तिकीट काढलं न्हाय, म्हणून मी सगळी गाडी खाली उतरवत न्हाय. ज्यानं काढलं न्हाय, त्याला उतरवते." ती वाकली. "तू पास. हिमालयाला जायचं."

अर्पितानं अशी किंकाळी फोडली, की फाट्यावरची कुत्री उठली! ती वैष्णवीच्या गळ्यात पडली, मग आजीच्या, मग, माझ्या नशिबानं, माझ्याही. मी तिला उचलायला गेलो, तर म्हणाली, "नको पप्पा, उचलायचं नाही!"

"पण बरोबर मोठं माणूस लागतंय," मी हळूच म्हणालो. अजून मला आशा होती. "तुझी तर मे महिन्यात लग्नसराईची गर्दी, सुट्टी मिळायची नाही. म्हणजे शेवटी मलाच..."

"मोठं माणूस बघितलंय मी," वैष्णवी म्हणाली आणि आईकडं वळली. "आई, मे महिन्यात मोकळ्या हाताव का? अर्पिताबरोबर लांब जायचंय. लई मोठा डोंगर हाय."

"कंचा देव हाय तिथं?" आईनं विचारलं.

"लई देव हायेत. पण चालावं लागतंय."

"मग काय झालं? चालू की."

मी म्हटलं, वय बघा, थंडी बघा, डॉक्टरचा दाखला लागतो! दाखला काढायला आम्ही दोघंही गेलो, एकाच डॉक्टरकडं, एकाच दिवशी. डॉक्टरांनी आईला हसत सही करून दिली आणि मला आत बसवून घेतलं.

मे महिन्यात आजी-नात रणधीरबरोबर गेल्या. आई नऊवारीत, पायात बूट, डोक्यावर अर्पिताची लाल टोपी. चौथ्या दिवशी तिचा फोन आला. मागं वारा घोंगावत होता आणि अर्पिता खिदळत होती.

"योगीराज, तू शाळंत शिकवतोस तो हिमालय ह्योच का रं?"

"हो आई! तोच! कसा आहे?"

"लई गार हाय. लेकरांना एवढं सांगत जा, येताना मफलर आणावा म्हणून."

इतकी वर्षं मी हिमालय शिकवतोय. रांगा, खिंडी, हिमनद्या, सगळं तोंडपाठ. मफलरचं मात्र आजवर एकदाही सांगितलेलं नाही.